आपल्या वाट्याचा स्वर

वाचकहो, आपल्या घरात मोकळ्या आवाजात शेवटचे कोण गायले, आणि केव्हा, हे आपणास आठवते काय? भ्रमणध्वनीवर वाजलेले किंवा दूरदर्शनवर ऐकलेले गाणे मोजावयाचे नाही. घरातल्या माणसाच्या स्वतःच्या कंठातून निघालेले गाणे. थोडा वेळ थांबून आठवून पाहा. हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्या उशिराची किंमत माझ्या वडिलांनी मोजली. म्हणून आजचा हा लेख.

वडील शाळामास्तर होते. गणपतीच्या आरतीला पहिला स्वर त्यांचाच असे. हातात टाळ, डोळे मिटलेले, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक छोटासा विराम. तो विराम सगळ्या घराला पाठ होता. पंचाहत्तरीच्या सुमारास त्यांचा आवाज कापू लागला, लय मंदावली, आणि तो विराम लांबू लागला. एका वर्षी घरातल्या तरुण मंडळींनी ध्वनिमुद्रित आरती लावली. आरती छान, वेगात, न अडखळता झाली. वडील पहिल्या दोन ओळींत मागे पडले, मग त्यांनी टाळ हलकेच खाली ठेवले. पुढच्या वर्षी ते निरांजन घेऊन नुसते उभे राहिले. आम्हां कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.

दोन वर्षांनी त्यांचा हात थरथरू लागला म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाली, पार्किन्सन्सचे निदान झाले. डॉक्टरांनी सहज विचारले, "यांचा आवाज इतका बारीक केव्हापासून झाला?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. घरातल्या पाच माणसांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. आवाज बारीक आणि एकसुरी होणे हे या आजाराचे एक लक्षण आहे, आणि पुष्कळदा ते इतर लक्षणांच्या आधी दिसू लागते. ते आमच्या घरात बहुधा दिसतही होते. परंतु ज्या माणसाचा आवाज आपण ऐकावयाचेच सोडून दिले, त्याच्या आवाजात झालेला बदल कळणार कसा?

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण निराळेच आहे. माझ्या नातीने परवा मला अमेरिकेतील एका विद्यार्थी गायकवृंदाचे चित्रीकरण दाखविले. चौदा तरुण, लांब शेपटीचे काळे कोट, पांढरे हातमोजे, अर्धवर्तुळात उभे. ना पेटी, ना तबला, ना कसलेही वाद्य. एकाने तोंडातल्या तोंडात स्वर दिला आणि चौदा कंठांतून एक भरीव नाद उमटला. मी ते तीन वेळा पाहिले. तिसऱ्या खेपेस माझे लक्ष गाण्याकडे नव्हते. ते चौघे-चौघे एकमेकांकडे कसे पाहत होते, कान कसे टवकारत होते, याकडे होते.

न्यू हेवनची सोमवारची संध्याकाळ

हा वृंद म्हणजे येल विद्यापीठाचा 'व्हिफनपूफ्स'. नाव ऐकून हसू येते, आणि ते हसू यावे म्हणूनच ठेवलेले आहे. त्या काळी गाजत असलेल्या एका संगीतिकेत या नावाच्या काल्पनिक प्राण्याचा विनोदी उल्लेख होता, तो या मुलांना आवडला. १९०९ साली येलच्या पाच विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून ही मंडळी स्थापन केली. न्यू हेवन या गावात 'मोरीज' नावाचे एक जुने भोजनगृह आहे. त्याच्या संगीतप्रेमी चालकाने या मुलांना आपल्याकडे येऊन गाण्याचे निमंत्रण दिले. तेव्हापासून सोमवारी संध्याकाळी तेथे गाण्याची प्रथा पडली. शतक उलटून गेले तरी ती चालू आहे. 'मोरीज' हे नाव वाचून आपण गालातल्या गालात हसला असाल. आपल्याकडेही मोरीत गाणारे पुष्कळ, फक्त तेथे एका वेळी एकालाच जागा असते!

या मंडळीशी आपले दोन धागे जुळतात. ज्याच्या नावाने हे विद्यापीठ ओळखले जाते तो इलायहू येल ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या किल्ल्याचा गव्हर्नर होता. १७१८ साली त्याने पाठविलेल्या मालाच्या नऊ गाठी आणि ४१७ पुस्तके यांतून त्या महाविद्यालयास आधार मिळाला. दुसरा धागा अधिक जवळचा. या वृंदाचे जे स्वतःचे गीत आहे, ते विद्यार्थ्यांनी रडयार्ड किपलिंगच्या एका कवितेवरून बेतले. किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, आपल्या मुंबईतला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवीत असत. गंमत अशी की, जेमतेम विशी ओलांडलेली ही मुले जे गीत दर वर्षी गातात, त्याचा आशय काळाबरोबर निघून जाण्याचा आणि विसरले जाण्याचा आहे. जुने विद्यार्थी जमले की तेही त्यात आपला आवाज मिसळतात. मग विशीतला कंठ आणि सत्तरीतला कंठ शेजारी शेजारी उभे राहतात.

पुढे विख्यात संगीतकार झालेला कोल पोर्टर विद्यार्थिदशेत याच वृंदात गात असे. शंभराहून अधिक वर्षे यात केवळ मुलगेच होते. १९६९ साली येलने पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश दिला, तरी या वृंदात पहिली मुलगी निवडली गेली ती २०१८ साली. आपल्या घरांतल्या कित्येक वृद्ध स्त्रियांना हे वाचून नवल वाटणार नाही. "बायकांनी मोठ्याने गाऊ नये" हे ऐकत त्या वाढल्या. जात्यावर, पाळण्यापाशी आणि मंगळागौरीला जेवढी मुभा होती, तेवढ्यात त्यांनी आपला स्वर जपला. तो आजही तेथे आहे. फक्त कोणी मागितला पाहिजे.

आपल्या नातवंडांपैकी कोणी अमेरिकेत शिकत असेल, तर त्यांच्याकडून आणखी एक नाव ऐकावयास मिळेल. ते म्हणजे 'पेन मसाला'. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हा वृंद सुरू केला. हिंदी चित्रपटगीते आणि इंग्रजी गाणी एकत्र गुंफून, वाद्यांशिवाय, केवळ कंठाने ते गातात. २००९ साली व्हाइट हाउसमधील दिवाळीतही हे विद्यार्थी गायले.

एकाचा स्वर दुसऱ्याला गाता येत नाही

या गायनप्रकारास 'क्लोज हार्मनी' म्हणतात. आपल्या संगीताच्या भाषेत त्याचा उलगडा असा करता येईल.

आपल्या भजनात वा आरतीत पन्नास माणसे असली तरी सर्वांचा स्वर एकच असतो. एक चाल, सर्वांनी मिळून. एखादा गप्प राहिला तरी आरती थांबत नाही. क्लोज हार्मनीत एकाच क्षणी एक गट षड्ज धरतो, दुसरा गांधार, तिसरा पंचम. हे सारे स्वर एकमेकांच्या अगदी निकट, बहुधा एकाच सप्तकाच्या आत ठेवलेले असतात, म्हणून 'क्लोज'. येलच्या वृंदात सामान्यतः चार थर असतात, दोन वरच्या पट्टीचे, एक मधला आणि एक खर्जाचा. चाल बहुधा एकाच थराकडे असते. बाकीचे तिला खालून-वरून आधार देतात.

स्वर इतके जवळ असल्यामुळे चूक लपत नाही. तानपुरा जुळविताना आपण ऐकले असेल की, दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर नाद हेलकावे खातो. एक तार सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४२ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. तारा जुळल्या की हेलकावा नाहीसा होतो आणि नाद स्थिर होतो. गायकांचेही तसेच. प्रत्येक जण आपला स्वर धरतो आणि त्याच वेळी शेजाऱ्याचा ऐकून आपला किंचित सरकवितो. म्हणजे गाणे निम्मे आणि ऐकणे निम्मे.

आणि येथेच, वाचकहो, आपल्या कामाची गोष्ट आहे. ज्याच्याकडे गांधार आहे तो एके दिवशी आला नाही, तर षड्ज-पंचम उरतात, पण मधली जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा सगळ्यांना ऐकू येते. "आज अमुक आले नाहीत वाटते," असे म्हणण्यासाठी हजेरीपटाची गरज लागत नाही.

माझ्या वडिलांची अनुपस्थिती आमच्या आरतीत कोणालाही ऐकू आली नाही. ध्वनिमुद्रणाने ती जागा आधीच भरून टाकली होती.

शास्त्र काय सांगते आणि काय सांगत नाही

समूहगायनाविषयी हल्ली पुष्कळ मोठमोठे दावे केले जातात. गाण्याने सर्व व्याधी बऱ्या होतात, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे. पण जे तपासले गेले आहे ते पुरेसे मोलाचे आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रौढांचे काही वर्ग सात महिने चालले. कोठे समूहगायन, कोठे हस्तकला, कोठे लेखन. अखेरीस सर्वच वर्गांतल्या माणसांत आपुलकी निर्माण झाली. पण गाणाऱ्यांत ती पहिल्या महिन्यातच, इतरांहून पुष्कळ लवकर झाली. एकमेकांची ओळखदेख होण्याआधीच माणसे जवळ येतात, हे गायनाचे वैशिष्ट्य त्यांना आढळले. उतारवयात नवी मैत्री जमण्यास वेळ लागतो, आणि वेळच थोडा असतो. म्हणून हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो.

सॅन फ्रान्सिस्को येथे ज्येष्ठ नागरिकांच्या १२ केंद्रांत ३९० जणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या केंद्रांत समूहगायन लगेच सुरू केले, उरलेल्यांत सहा महिन्यांनी. सहा महिन्यांच्या अखेरीस गाणाऱ्यांचा एकाकीपणा कमी झाला होता आणि जीवनातील रस वाढला होता. मात्र स्मरणशक्ती आणि शारीरिक बळ यांत लक्षणीय फरक दिसला नाही. संशोधकांनी हेही प्रामाणिकपणे नोंदविले. आपणही ते ध्यानात ठेवावे. गाण्याने गुडघे सुधारणार नाहीत. पण संध्याकाळ सुधारेल, आणि ती सुधारणे ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरी गोष्ट पक्षाघाताच्या रुग्णांची. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली की अनेकांना वाचाघात होतो. शब्द कळतात, पण ओठांवर येत नाहीत. अशांपैकी काही जणांना बोलता येत नसताना ओळखीचे गाणे शब्दांसह गाता येते, हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. १९७३ साली बोस्टनमधील तज्ज्ञांनी या निरीक्षणावरून चालीच्या आधारे बोलणे शिकविण्याची उपचारपद्धती मांडली. ती सर्वांना लागू पडत नाही, आणि वाचाउपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाची असते. परंतु आपल्या घरी असा रुग्ण असेल आणि तो भूपाळी वा अभंग पुटपुटत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी.

स्मृतिभ्रंशातही पुष्कळदा असाच अनुभव येतो. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, मुलाचे नाव आठवत नाही, पण लहानपणी पाठ झालेले गाणे शेवटपर्यंत येते. त्या गाण्यात रुग्णाला आपल्याबरोबर उभे राहता येते. जेथे तो चुकत नाही, अशी एक तरी जागा त्याला मिळते.

वयाबरोबर आवाज का बदलतो?

"आता कुठे गाणे, घसाच बसला," असे म्हणणाऱ्यांना थोडे समजावून सांगतो. वय वाढले की स्वरतंतू पातळ होतात, त्यांची लवचीकता घटते, आणि ते परस्परांना पुरते मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते, म्हणून आवाज दमदार राहत नाही, कापतो, लवकर थकतो. पुरुषांचा आवाज म्हातारपणी थोडा वर चढतो. स्त्रियांचा रजोनिवृत्तीनंतर खाली उतरतो. त्यामुळे तरुणपणीची पट्टी आता साधत नाही. यात लाज वाटावी असे काहीच नाही. पट्टी बदलावी, गाणे सोडू नये.

न वापरलेला स्नायू जसा शिथिल होतो, तसाच न वापरलेला आवाजही. दिवसभर ज्या घरात वृद्धाशी फक्त "जेवलात का?" आणि "गोळी घेतली का?" एवढेच बोलले जाते, तेथे त्या माणसाचा कंठ दिवसाकाठी दोन-चार शब्दांपुरताच उघडतो. गाताना मात्र श्वास खोल घ्यावा लागतो आणि तो हळूहळू, हिशेबाने सोडावा लागतो. श्वासपटल, बरगड्यांमधील स्नायू, ओठ, जीभ, टाळू या सर्वांना काम मिळते.

घरी वा संघात कसे आरंभावे?

येलच्या मुलांची निवड कठोर परीक्षेने होते. आपणास परीक्षा नको. तीन माणसेही पुरेत.

प्रथम दिवस आणि वेळ नक्की करावी. सोमवारची संध्याकाळ शतकभर टिकली, याचे एक कारण हेच की ती सोमवारचीच राहिली. "जमेल तेव्हा" म्हटले की जमत नाही.

मग बसण्याची व्यवस्था पाहावी. हात नसलेल्या टणक खुर्च्या, पाय जमिनीला पुरते टेकलेले, पाठ सरळ. अर्धवर्तुळात बसावे, म्हणजे एकमेकांचे ओठ दिसतात. कमी ऐकू येणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. श्रवणयंत्र असेल तर ते काढू नये. मात्र गाण्याचा आवाज त्यातून कर्कश वाटत असेल तर यंत्र बसविणाऱ्या तज्ज्ञास सांगावे. संगीतासाठी त्यात वेगळी जुळणी करता येते का, ते त्यांच्याकडून पाहून घ्यावे. कवळी सैल असेल तर ती आधी नीट करून घ्यावी.

आरंभी पाच मिनिटे नुसता श्वास. नाकाने घ्यावा, आणि हलक्या 'स्' असा ध्वनी करीत सोडावा. ताण देऊ नये. मग ओठ मिटून गुंजारव. नंतर तानपुऱ्याचा स्वर लावावा. भ्रमणध्वनीवर तो आता सहज मिळतो. आपल्या जुन्या पट्टीपेक्षा दोन-तीन स्वर खाली लावावा.

आता खरी गंमत. एकाने षड्ज धरावा, आकारात, सोसेल तितका वेळ. दुसऱ्याने पंचम धरावा. दोन्ही स्थिर झाले की तिसऱ्याने अलगद गांधार मिसळावा. पहिल्या दिवशी जमणार नाही. गांधारवाला हटकून षड्जाकडे घसरेल आणि सर्व जण हसतील. हसावे. हसण्यानेही श्वास मोकळा होतो. पण आठ-पंधरा दिवसांत कधीतरी ते तीन स्वर बरोबर बसतील आणि हेलकावा थांबेल. तो क्षण ओळखावयास संगीताचे शिक्षण लागत नाही. अंगावर येणारा काटा तो ओळखतो.

मग नेहमीचे भजन घ्यावे. दोघांनी चाल म्हणावी, एकाने खाली षड्ज धरून ठेवावा. दर वेळी भूमिका बदलाव्यात. चाळीस मिनिटांत आटोपावे. शेवटी चहा ठेवलाच पाहिजे, हे मी सांगावयास नको.

आणि एक नियम कटाक्षाने पाळावा. कोणी आला नाही तर त्याच दिवशी, चहा होण्यापूर्वी, त्याला दूरध्वनी करावा. "तुमचा पंचम रिकामा राहिला" एवढेच म्हणावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने हा दूरध्वनी फार मोठा आधार आहे. कित्येकदा पडलेल्या माणसाला कोणी शोधावयास येण्यात दिवस जातो. ज्याची वाट पाहिली जाते, त्याचा शोध लवकर लागतो.

सावधगिरी

उत्साहाच्या भरात काही गोष्टी विसरू नयेत. आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, गिळताना त्रास होऊ लागला किंवा थुंकीतून रक्त दिसले, तर गाणे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञास दाखवावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, पोटाची वा छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, हर्निया असेल, तर डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. दम्याच्या वा जुनाट श्वासविकाराच्या रुग्णांनी आपले फवाऱ्याचे औषध जवळ ठेवावे. गाणे हा औषधाचा पर्याय नव्हे. चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच थांबावे. जेवणानंतर निदान एक तास जाऊ द्यावा.

सर्दी-खोकला असलेल्याने त्या दिवशी घरी राहणे हे त्याचे कर्तव्यच समजावे. २०२० सालच्या मार्चमध्ये, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका गायकवृंदाच्या अडीच तासांच्या तालमीस ६१ जण आले होते. त्यांपैकी एकास आधीच लक्षणे होती. पुढे ५३ जण कोविडने आजारी पडले आणि दोघे दगावले. गाताना श्वासातून जंतू दूरवर आणि अधिक प्रमाणात पसरतात. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खुर्च्यांमध्ये अंतर असावे, आणि शक्य तर अंगणात वा गच्चीवर बसावे. आजारी सभासदाने घरून दूरध्वनीवर ऐकत राहावे. जागा त्याचीच राहील.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्या खांद्यावर आधीच किती भार आहे, याची मला जाणीव आहे. त्यात "आता गाणेही म्हणा" हा आणखी एक भार टाकण्याचा हेतू नाही. आंघोळ घालताना, केस विंचरताना, पाय चेपताना आपण नुसते गुणगुणावे. अंथरुणावर खिळलेल्या माणसाने ओठ मिटून एक 'म्' धरला तरी तो त्याचा षड्ज समजावा, आणि आपण त्यावर गुणगुणावे. गाण्याचे गाव मात्र त्यांनाच निवडू द्यावे. आपणास आवडणारे भजन त्यांना नको असेल. त्यांच्या विशीतले एखादे नाट्यपद किंवा चित्रपटगीत हवे असेल. गाणे ऐकून डोळ्यांत पाणी आले तर घाबरू नये. पण ते अस्वस्थ झाले तर थांबावे.

आणि ऐकावे. रोज दोन मिनिटे त्या आवाजाकडे डॉक्टराच्या कानाने ऐकावे. कालच्यापेक्षा बारीक झाला का? शब्द अडखळू लागले का? ओळीच्या मध्येच श्वास संपतो का? यांतले काही आढळले तर तारीख लिहून ठेवावी आणि पुढच्या भेटीत सांगावे. "केव्हापासून?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपणाजवळ असू द्या.

वडिलांच्या निदानानंतर आम्ही ध्वनिमुद्रित आरती बंद केली. वाचाउपचारतज्ज्ञ त्यांच्याकडून मोठ्याने बोलण्याचा सराव करून घेत, आणि दिवेलागणीला शुभंकरोती त्यांनीच सुरू करावयाचे असे ठरले. त्यांच्या आजारावर याने काही मात झाली नाही. तशी होतही नसते. पहिल्या दिवशी त्यांचा स्वर दाराबाहेर ऐकू आला नाही. महिनाभराने तो माजघरापर्यंत पोहोचू लागला. ओळीच्या शेवटी त्यांचा तो लांब विराम असे, आणि मुले हात जोडून त्या विरामात शांतपणे थांबत. ती घाई करीत नसत. पुढचा स्वर आजोबांचा आहे, तो दुसऱ्या कोणी घ्यावयाचा नाही, हे त्यांना न सांगता कळले होते.

आज दिवेलागणीला, वाचकहो, आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला पहिला स्वर धरावयास सांगा. आणि तो धरीपर्यंत थांबा.